कसाटा : वाडग्याचा की चीजचा?

प्रश्न असा आहे : "लग्नाच्या जेवणात मिळणाऱ्या 'कसाटा' आइसक्रीमचं नाव सिसिलीतल्या ईस्टरच्या केकवरून आलं म्हणतात. मूळ अर्थ काय? आणि मराठीत तो कसाटा की ते कसाटा?"

नाव तिथलंच आहे, वस्तू मात्र वाटेत बदलली. इटलीच्या सिसिली बेटावर 'कस्साता' (इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणजे 'ती') हा आइसक्रीमचा प्रकारच नाही. उतरत्या कडांच्या गोल साच्यात आतून हिरव्या बदामपिठाच्या (साखर घालून मळलेल्या, म्हणजे मार्झिपानच्या) आणि स्पंज केकच्या पट्ट्या आलटूनपालटून लावतात. मधे मेंढीच्या दुधाचा, साखर घालून फेटलेला रिकोटा (एक मऊ, ताजं चीज) आणि चॉकलेटचे तुकडे. थंड झालं की साचा उपडा करायचा, वरून पांढऱ्या साखरेचा थर आणि त्यावर साखरेत मुरवलेली फळं. त्यातल्या 'झुक्काता' नावाच्या फिकट पट्ट्या चक्क एका लांबट भोपळ्याच्या असतात, आपल्या पेठ्याच्या जातीच्या.

हे ईस्टरलाच का, तर हिवाळ्याच्या पावसानंतर सिसिलीत गवत माजतं, मेंढ्यांना भरपूर दूध येतं. उन्हाळ्यात माळ करपतात. त्यात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जुन्या काळी दूधदुभतंही वर्ज्य होतं. उपवास सुटायला आणि उत्तम रिकोटा मिळायला एकच गाठ पडायची. तिथली म्हणच आहे : 'तिंतु ए कू नुन मांचा आ कस्साता आ मतीना री पास्क्वा', म्हणजे ईस्टरच्या सकाळी जो कस्साता खात नाही तो करंटा.

आता व्युत्पत्ती. लोकप्रिय मत असं, की हा अरबी 'कसआ' म्हणजे पसरट वाडगा. अरब 827 मध्ये सिसिलीत उतरले, ऊस आणि लिंबूवर्गीय फळं त्यांनी तिथे रुजवली, साचाही वाडग्यासारखा. गोष्ट छान जुळते. (काशाच्या वाटीशी मात्र कोणी नातं जोडू नये, ती संस्कृत 'कांस्य'ची.) दुसरं मत : लॅटिन 'कासेउस', म्हणजे चीज.

माझा कौल चीजला. सिसिलीतल्याच रगूसा भागात ईस्टरला जी कस्साता करतात ती छोटी, गोल, वरून उघडी असते : कणकेची पारी भाजतात, आत फक्त रिकोटा आणि वर दालचिनी. ना मोठा साचा, ना स्पंज केक, तरी नाव तेच. 14व्या शतकात आंजेलो सेनिसिओ या सिसिलियन मठाधिपतीने केलेल्या शब्दकोशातही कस्साता म्हणजे पीठ आणि चीज यांचं खाणं, एवढंच म्हटलं आहे. केक आणि मुरवलेल्या फळांचा थाट नंतरचा. ज्या काळी पदार्थात वाडग्यासारखं काही नव्हतं, तेव्हाही त्यात चीज होतंच. अरबांचं श्रेय साखरेपुरतं नक्की द्यावं. नावाचंही द्यायची घाई नको.

असाच वाद 19 मार्चच्या संत जोसेफच्या सणाला खातात त्या 'स्फिंचा'वरही आहे. तळलेला मऊसूत गोळा, वर रिकोटा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी. कोणी लॅटिन 'स्पॉन्जिया' म्हणतं, कोणी अरबी 'इस्फंज'. पण 'इस्फंज' स्वतःच ग्रीकमधून अरबीत गेलेला, तेव्हा भांडायचं कशाला? आपल्या बोलण्यातला 'स्पंज'ही त्याच कुळातला.

बदामपिठाची हौस सिसिलीच्या ईस्टरमध्ये सगळीकडे दिसते. हलवायांच्या काचेआड त्याची पांढरी कोकरं बसलेली असतात, पाठीशी लाल झेंडा. फावारा गावची पिस्ता भरलेली कोकरं तर प्रसिद्धच. गोव्यात ईस्टरला काजूच्या मार्झिपानची अंडी करतात ती याचीच लांबची भावंडं, फक्त ती पोर्तुगीज वाटेने आली.

आइसक्रीमचं नातं इटलीतल्या नेपल्स शहराकडून लागतं. सुकामेवा आणि मुरवलेली फळं घातलेल्या तिथल्या थरांच्या आइसक्रीमलाही 'कस्साता' म्हणू लागले, तोच अर्थ इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे. खूण 'ट'मध्ये आहे. इटालियन 'त' दंत्य असतो. 'पास्ता' आपण त्याच उच्चाराने घेतला, 'कसाटा'ला मात्र इंग्रजीचा ट लागला.

लिंगाचं म्हणाल तर दोन्ही चालतं. आकारान्त म्हणून 'तो कसाटा', 'फाटा'सारखा. मनात 'आइसक्रीम' असेल तर 'ते'. सामान्यरूप नियमाने 'कसाट्याचा' व्हायला हवं, पण बोलताना बहुतेक जण 'कसाटाचा तुकडा' म्हणतात आणि मला ते खटकत नाही. सिसिलीतल्या केकबद्दल लिहिताना मात्र मी 'ती कस्साता' असंच लिहीन, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीन रंगांचा गोठलेला तुकडा येणार.