लागोसला फादर पोचायच्या आधी चर्च कसं पोचलं?

प्रश्न: आम्ही वसईचे. आमच्याकडे धर्म पोर्तुगीजांसोबत आला हे लहानपणापासून ऐकतोय. पण नायजेरियावर राज्य इंग्रजांचं, ते तर प्रोटेस्टंट, मग लागोसमध्ये एवढे कॅथलिक कुठून आले? – एक वाचक, वसई

उत्तर: खूप छान विचारलंत. तिथे सुरुवात ना इंग्रजांनी केली ना मिशनऱ्यांनी, ती केली ब्राझीलहून परत आलेल्या गुलामांनी. म्हणजे बघा, याच किनाऱ्यावरून योरुबा, म्हणजे इथल्याच भागातल्या, लोकांना जहाजात कोंबून ब्राझीलमधल्या बहियाला नेलं, तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग कोणी पै पै साठवून स्वतःची सुटका विकत घेतली, कोणाला मालकाने सोडलं, आणि एकोणिसाव्या शतकात ते समुद्र ओलांडून घरी परतले ते पोर्तुगीज भाषा, सुतारकाम-गवंडीकाम आणि कॅथलिक प्रार्थना घेऊनच. लागोसमध्ये तेव्हा फादर कोणीच नव्हता. त्यांच्यातलाच एक सुटलेला गुलाम प्रार्थना चालवायचा, पोरांचा बाप्तिस्मा करायचा, त्याला दीक्षा वगैरे काही नव्हती तरी लोक त्याला पाद्रे अंतोनियो म्हणायचे. मला या सगळ्या इतिहासात हाच माणूस सगळ्यात मोठा वाटतो.

मिशनवाल्यांचं सांगायचं तर त्यात भारताचा एक धागा आहे. द ब्रेझियाक नावाचे फ्रेंच बिशप आधी आपल्या कोइम्बतूरला होते, पुरोहित स्थानिक लोकांतूनच घडवायला हवेत हा त्यांचा आग्रह. त्यांनी १८५६ साली लियोंला आफ्रिकेसाठी संस्था काढली, १४ मे १८५९ ला पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला उतरले आणि २५ जूनला पिवळ्या तापाने गेले, सहा आठवडेच झाले होते हो. सोबतचेही बहुतेक गेले. तरी संस्थेने माघार घेतली नाही. १८६१ मध्ये संस्थेचे फादर बोर्गेरो दाहोमीच्या (आजच्या बेनिन देशातलं जुनं राज्य) विदा बंदरात पोचले आणि तिथल्या ओस पडलेल्या पोर्तुगीज किल्ल्यात राहायला लागले. १८६३ ला ते लागोसला आले तर समोर आधीपासून प्रार्थना करणारी माणसं! कायमचे फादर मात्र १८६८ ला आले, तोवर पाद्रे अंतोनियोच सगळं सांभाळत होता.

पुढे तिथलं होली क्रॉस चर्च बांधायलाही याच परतलेल्या लोकांतले कारागीर होते. त्यांना तिथे आगुदा म्हणतात, आणि योरुबा भाषेत कॅथलिक चर्चला आजही आगुदांचं चर्च असंच म्हणतात.