सकाळच्या बातमीपत्राला गावाकडून बातमी पाठवताना

बाबू, पांढरकवड्याहून बातम्या पाठवणार म्हणतोस, बरं वाटलं. पण चॅनेलचं सकाळी ७ चं बातमीपत्र रात्रीच रचलं जातं, हे ध्यानात घे. रात्रपाळीत माणसं मोजकी: असाइनमेंट डेस्कवर (तिथं बातम्या येतात) एखादा, आउटपुटला (तिथं त्या लिहून तयार होतात) दोघं-तिघं, एडिटर, पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममध्ये, प्रोड्युसर. अँकर पहाटे येते. तुझी लांबलचक क्लिप चाळत बसायला तिथं कुणाला सवड नसते. रात्री गारपीट झाली तर आधी दोन ओळी टाक: गाव, तालुका, काय झालं, केव्हा. रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमवार यादीत, जागा त्यावरच धरली जाते. व्हिज्युअल मागून गेले तरी चालतात.

मोबाइल आडवा धर, शॉट १० सेकंद हलवू नको. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यापुढचं बोलणं, लहान घे, नाव-गाव त्या शेतकऱ्याच्याच तोंडून. वऱ्हाडीत बोलला तर बोलू दे, मला तीच बाईट सगळ्यात खरी वाटते. नुकसानीचा आकडा तलाठ्याला विचारल्याशिवाय लिहू नको.

आत्महत्येच्या घरी मात्र रडणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखू नको. मी सुरुवातीला रोखला होता. त्या माउलीनं पदरानं तोंड झाकलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आणि पहाटे फोन चालू ठेव. फोनोसाठी, म्हणजे फोनवरूनच थेट बातमी सांगायला, ६ लाही वाजतो.