“विषय कळतो, पण इंग्रजीत लिहायला बसले की हात थांबतो”

पीएच.डी. करणारे मराठी माध्यमातील संशोधक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : विषय नीट कळतो, मराठीत त्यावर तासभर बोलता येते, पण इंग्रजीत प्रबंध लिहायला बसले की एक परिच्छेदही पुरा होत नाही, आता या वयात इंग्रजी सुधारेल का? महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधी शिकलेल्यांची या भाषेशी ओळख पाचवीत झाली आणि पुढेही ती बहुधा प्रश्नोत्तरे पाठ करण्यापुरतीच राहिली. त्यामुळे ही चिंता मला कधीच क्षुल्लक वाटत नाही. तिच्यावर काम कसे करता येते हे सांगण्यासाठी एका संशोधक ताईंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ताई बीड जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतात. त्यांचा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण हा आहे. मार्गदर्शकांनी एका प्रकरणावर लाल शाईने ‘लँग्वेज पुअर’ एवढाच शेरा मारून ते परत केले होते आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी ती फाईल उघडलीच नव्हती. “मॅडम, वर्गात शिकवतानासुद्धा आता वाटते, आपल्याला काही येत नाही,” असे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

मी त्यांना पहिल्यांदा विचारले, की प्रबंध इंग्रजीतच का हवा. सामाजिक शास्त्रांत मराठीतून प्रबंध स्वीकारणारी विद्यापीठे आपल्याकडे आहेत आणि मराठीत लिहिणे ही कमीपणाची वाट मुळीच नाही. ताईंचे उत्तर मात्र तयार होते. बीडचे मजूर पश्चिम महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यांकडेही जातात, तेव्हा तिकडच्या अभ्यासकांना आणि अधिकाऱ्यांना वाचता येईल असे काही लिहावे, ही त्यांची इच्छा होती. हेतू इतका स्पष्ट असेल तर इंग्रजीसाठी कष्ट घेणे सार्थ ठरते. केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजी निवडणाऱ्यांना मी पुन्हा विचार करायला सांगते.

मग आम्ही परत आलेले प्रकरण उघडले. त्यातले एक वाक्य असे होते : ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड दॅट द फिनॉमेनन ऑफ सीझनल मायग्रेशन इज हॅविंग अ डेट्रिमेंटल इम्पॅक्ट अपॉन द एज्युकेशनल कंटिन्यूइटी ऑफ द चिल्ड्रन.’ मी कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही वस्तीवर जाऊन काय पाहिलेत ते मला मराठीत सांगा. कोण, केव्हा, काय करते, एवढेच.”

त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. “दिवाळी झाली की कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) निघतो. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही. धाकट्यांना सांभाळायला मोठ्या मुलीला बरोबर नेतात. मुलगा आजीकडे राहतो, त्याची शाळा चालू राहते. मुलगी मार्च-एप्रिलमध्ये परत येते, तोवर वर्ष हातचे गेलेले असते.”

मी त्यांना ते मूळ वाक्य पुन्हा वाचायला सांगितले आणि विचारले, की यात मुलगी कुठे आहे. मुलगी त्यात नव्हतीच. मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणात पडणारा फरक, म्हणजे त्यांच्या कित्येक महिन्यांच्या फिरस्तीतून हाती आलेला सर्वांत मोलाचा निष्कर्ष, ‘फिनॉमेनन’ आणि ‘कंटिन्यूइटी’ या भारदस्त शब्दांआड पार नाहीसा झाला होता. शोधनिबंधाची भाषा अशीच अवजड असते, या समजुतीने ताईंनी इतरांच्या लेखांतले तुकडे जोडत ते वाक्य रचले होते. अशी जोडाजोड करण्यात आणखी एक धोका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत गेले, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करावे लागते आणि साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. इंग्रजीच्या भीतीने दुसऱ्याची वाक्ये उचलणारा प्रामाणिक संशोधक अशा रीतीने नकळत संकटात सापडतो, याचे मला फार वाईट वाटते.

ताईंनी सांगितलेल्या मराठी वाक्यांना आम्ही एकेक करून इंग्रजीत बसवले. ‘व्हेन फॅमिलीज लीव्ह आफ्टर दिवाळी, दे ऑफन टेक द एल्डेस्ट डॉटर विथ देम टू लुक आफ्टर द यंगर चिल्ड्रन. सन्स ऑफन स्टे विथ देअर ग्रँडपेरेंट्स अँड कीप अटेंडिंग स्कूल.’ शब्द बहुतेक सगळे शाळेत शिकलेले. कर्ता आणि क्रियापद एकमेकांच्या जवळ, त्यामुळे एकवचन-अनेकवचनाचा घोळ होण्याची शक्यताही कमी. ‘कोयता’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून द्यावा, असे आम्ही ठरवले. ‘ऑफन’ हा शब्द मात्र मी मुद्दाम घालायला लावला, कारण ताईंनी पाहिलेल्या सगळ्याच घरांत असे घडत नव्हते. मजकूर गुळगुळीत करून देणाऱ्या यंत्रांचाही त्यांनी आधार घेतला होता. त्यात भाषा सफाईदार झाली होती, पण ‘दिसून येते’ याचे ‘प्रूव्ह्ज’ झाले होते. हाती असलेल्या पुराव्याने जेवढे पेलते तेवढेच विधान करणे, हा शास्त्रीय लेखनातला प्रामाणिकपणा आहे आणि तो यंत्रावर सोपवता येत नाही.

एवढे झाल्यावर आम्ही शुद्धतेकडे वळलो. हा क्रम मी नेहमीच पाळते, कारण अर्थ धूसर असलेले वाक्य व्याकरणात कितीही घासले तरी वाचकाच्या उपयोगाचे होत नाही. ताईंची पाने वाचताना लक्षात आले, की चुका शेकडो दिसत असल्या तरी त्यांचे प्रकार मोजकेच आहेत आणि बहुतेकांचे मूळ मराठीच्या वळणात आहे. आपण ‘जरी’च्या जोडीला ‘तरी’ घेतो, म्हणून ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्याच्या मध्यावर ‘बट’ येऊन बसतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. ‘गेल्या पाच वर्षांपासून शिकवते’ हे आपल्याकडे साध्या वर्तमानकाळात बरोबर आहे, इंग्रजीत मात्र तेथे ‘हॅव बीन टीचिंग फॉर फाइव्ह इयर्स’ लागते. ‘रिसर्चेस’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘एव्हिडन्सेस’ ही अनेकवचने तर जवळपास प्रत्येक मसुद्यात भेटतात.

सर्वांत चिवट अडचण ‘अ’ आणि ‘द’ची. मराठीत ही सोयच नसल्याने चूक झालेली कानाला खटकत नाही. ताईंच्या बाबतीत या छोट्या शब्दामुळे अर्थच बदलत होता : नुसते ‘चिल्ड्रन’ म्हटले की जगातली मुले सर्वसाधारणपणे, आणि ‘द चिल्ड्रन’ म्हटले की आधी उल्लेख केलेली, अभ्यासातली ठरावीक मुले. आपल्या निरीक्षणाची व्याप्ती किती, हे त्यातून वाचकाला कळते, असे सांगितल्यावर तो नियम त्यांना प्रथमच आपल्या कामाचा वाटला.

त्यांनी एक वही केली. त्यात नियम लिहायचे नाहीत, स्वतःच्या चुकीचे वाक्य आणि त्याखाली दुरुस्त वाक्य, एवढेच लिहायचे. मसुदा तपासताना एका वाचनात एकाच प्रकारची चूक शोधायची, कारण सगळे एकदम पाहायला गेले की काहीच दिसत नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी पाने दाखवली, पण विनंती अशी केली, की दुरुस्ती करू नका, फक्त चुकलेल्या जागी खूण करा. मार्गदर्शकांकडेही त्या गेल्या आणि संपूर्ण प्रकरणाऐवजी एकच पान पुढे ठेवून म्हणाल्या, “सर, यात नेमके कुठे अडते, तेवढे दाखवाल का?” माझ्या मते या सर्व प्रयत्नांत हेच सर्वांत धैर्याचे पाऊल होते. ‘भाषा वाईट’ या शेऱ्यावर काम करता येत नाही. पानावरच्या अमुक ओळीवर करता येते.

त्यांचे इंग्रजी आजही निर्दोष नाही. ‘द’ अजून चुकतो आणि वहीत भर पडतच आहे. परंतु लेखन थांबलेले नाही. नव्याने लिहिलेले प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आले तेव्हा समासातले बहुतेक शेरे मजकुरावर होते : शाळा सुटलेल्या मुलींची आणि मुलांची संख्या वेगवेगळी का दिलेली नाही, हंगामी वसतिगृहाची सोय असलेल्या गावांतही मुलींना बरोबर का नेतात. ताईंनी मला फोन करून हे प्रश्न वाचून दाखवले आणि त्यांची उत्तरे आपल्या नोंदींत सापडतील, असे म्हणाल्या. त्या नोंदी काढून त्यांनी आकडे जुळवायला घेतले आहेत.