अबोला घरीच धरतेस, मग मौनाला कशाला जायचं?

पत्र आधी देते, थोडं छाटून. (त्यातली विपश्यना म्हणजे मौन पाळून करायची ध्यानसाधना.)

"ताई, मी ४३ वर्षांची आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला नंबर लागलाय, पुढच्या महिन्यात जायचंय. प्रॉब्लेम असा की आमच्यात भांडण झालं की मी बोलणंच बंद करते, आठ आठ दिवस. आईपण असंच करायची. शिबिराचं कन्फर्म झालं तेव्हाही आमचं बोलणं बंद होतं, त्यामुळे मुलाला सांगितलं, बाबांना सांग मी दहा दिवस नाहीये. तर नवरा म्हणाला, घरात तिचं मौन चालूच असतं की, त्यासाठी तिकडे कशाला जायला पाहिजे. ते फार लागलं मला. मी खरंच पळून चाललेय का? अजून एक. तीन वर्षांपूर्वी डिप्रेशनचा त्रास झाला होता, आता एक छोटी गोळी चालू आहे. फॉर्ममध्ये लिहिलं नाही, लिहिलं असतं तर नको म्हणाले असते. – गप्प बसलेली"

अगं, तुझ्या नवऱ्याचं वाक्य वाचून मला आधी हसूच आलं, सॉरी. टोमणा आहेच, पण त्यात एक खरा प्रश्न आहे आणि तो त्याने फुकटात विचारलाय.

अबोला आणि मौन यात फरक काय? मला विचारशील तर अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हेच, ते एका माणसाशी दिवसरात्र बोलणं आहे, फक्त तोंड सोडून बाकी सगळ्याने. कपाटाचं दार जरा जोरात लावायचं, त्याचा चहा टेबलावर ठेवायचा पण हाताजवळ नाही, दोन बोटं लांब, त्याने काही विचारलं की मुलाकडे बघून उत्तर द्यायचं. हे सगळं मला माहितीये कारण मी यात गोल्ड मेडलिस्ट आहे. आणि माझी लाज सांगते, मी चक्क शिबिरात जाऊन अबोला धरला होता.

खरंच. दहा दिवसांचं शिबिर, खोलीत आम्ही दोघी. तिथलं आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे, खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. तर दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या घंटेला मी उठते तर ही बाई आधीच बाथरूममध्ये, आणि वीस मिनिटं बाहेरच येईना. तिसऱ्या दिवशी तेच. माझं डोकं फिरलं. बोलायची सोय नाही, बघायची सोय नाही, मग मी काय केलं, तर बादली आपटली. रात्री चादर झटकताना मुद्दाम पाठ करून झटकली. बाहेर तिच्या चपला माझ्या चपलांना चिकटलेल्या होत्या, त्या पायाने बाजूला सारल्या. हॉलमध्ये बसून श्वासाकडे बघायचं सोडून मी तिला सुनवायचं भाषण मनात पाठ करत होते, चांगलं मुद्देसूद. दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना झाली, मौन सुटलं, बाहेर नुसता कलकलाट, आणि ही बाई सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं का? तिसऱ्या दिवसापासून तुम्ही रागावलाय." मी आठ दिवस एक अक्षर बोलले नव्हते आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं! भाषण कुठल्या कुठे गेलं, मी आपलं पुटपुटले की नाही हो, झोप होत नव्हती.

म्हणून तुझ्या पळून जाण्याच्या प्रश्नाचं उत्तर असं, की पळायला म्हणून जाणार असशील तर जागा साफ चुकली. घरी निदान मोबाइल आहे, सिरियल आहे, भांडी आहेत. तिथे फोन जमा, पुस्तक नाही, वही-पेन नाही, साडेचारपासून रात्री नऊपर्यंत मधले जेवणाचे-विश्रांतीचे तास सोडले तर बसणंच. तुझं भांडण तुझ्या आधी पोचून आसनावर मांडी घालून बसलेलं असेल.

पण जाऊ नको असं मी म्हणत नाहीये, उलट तुझ्यासारखीला तिथे एक गोष्ट सापडू शकते. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास, नाकाशी आणि वरच्या ओठावर काय जाणवतंय तेवढंच बघायचं, जाम कंटाळा येतो. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरात काय होतंय ते बघत जायचं, आणि रोज तीनदा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे हात, पाय, डोळे काही हलवायचं नाही असं ठरवून बसायचं. गुडघा ओरडत असतो. आणि अशात एखादं जुनं वाक्य आठवतं, तुझ्या बाबतीत नवऱ्याचं हेच वाक्य आठवेल बघ, आणि त्याच क्षणी गळ्यात काहीतरी दाटतं, जबडा आवळतो, छाती गरम होते. घरी हे दोन सेकंदात होऊन जातं आणि आपल्याला कळतं तेव्हा अबोल्याचा तिसरा दिवस उजाडलेला असतो. तिथे ते होताना दिसतं, आणि काही न करता बसलं की उतरतानाही दिसतं. मला एकदाच नीट दिसलं, सातव्या दिवशी दुपारी, बाकी वेळ बादली आणि भाषण. पण त्या एकदाचा उपयोग अजून होतो. बंद पडत नाही अबोला, पण आठाचे दोन दिवस झालेत.

आता एक जुनी गोष्ट सांगते, तुझ्या नवऱ्यालाही आवडेल. विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, त्यातल्या महावग्ग या भागात आहे. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामाला, एकत्र राहिले आणि भांडणं नकोत म्हणून त्यांनी ठरवलं की तीन महिने एकमेकांशी बोलायचंच नाही. जो आधी भिक्षेहून येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरून ठेवायचं, घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, पण तोंड उघडायचं नाही. पावसाळा संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, आम्ही छान गुण्यागोविंदाने राहिलो. त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. तर बुद्ध म्हणाले, हे जनावरांसारखं एकत्र राहणं झालं, आणि असं मुक्याचं व्रत पुन्हा घ्यायचं नाही असा नियमच केला. वर काय सांगितलं, तर वर्षावास संपला की सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकाने इतरांना म्हणायचं, माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा. तीच पवारणा, आपल्याकडे आश्विन पौर्णिमेला आजही होते.

वाचलं तेव्हा मला ते पाण्याचे घडेच डोळ्यासमोर आले. डबा भरला, बिल भरलं, मुलाची फी भरली, घर अगदी शिस्तीत चाललंय आणि कोणी कोणाशी बोलत नाही! अशी घरं किती असतील.

आणि हे शिबिर काही संसार सोडलेल्यांचं नाही. १९६९ मध्ये ही साधना म्यानमारमधून भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका स्वतः व्यापारी, बायकामुलांचे. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर सरकारी हिशेबखात्यातले मोठे अधिकारी. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रापासून सगळीकडे संध्याकाळी सातला गोयंकांचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन लागतं, त्यात घरातल्या रागालोभाच्या गोष्टी येतात, तू मान डोलावशील.

आता गोळीचं. इथे मी कडक बोलणार आहे. ते लपवायचं नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्न उगाच विचारलेला नाहीये. इतके तास आत बघत बसलं की काही जणांचा जुना त्रास वर येतो, झोप उडते, भीती वाटायला लागते, आणि तिथे डॉक्टरी उपचार नसतात. तू लपवलेलं असलं तर पाचव्या दिवशी त्रास झाला तरी सांगायला तोंड राहणार नाही. आजच केंद्राला ईमेल कर, काय झालं होतं, कुठली गोळी, किती, सगळं. त्याआधी किंवा त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि शिबिरासाठी म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, हे दहादा लिहिलं असतं मी. केंद्राने किंवा डॉक्टरांनी आत्ता नको म्हटलं तर वाईट वाटेल, वाटू दे, शिबिरं वर्षभर असतात. आणि मौन म्हणजे तिथे कोणाशीच बोलायचं नाही असंही नाही. काही अडलं तर धम्मसेविकेला, म्हणजे शिबिरात मदतीला असलेल्या बाईला, सांगता येतं, दुपारी आचार्यांना भेटून विचारता येतं. भेटायचंच. मी लाजून सहा दिवस गेले नव्हते.

बारीकसारीक. दहा दिवस म्हणतात पण आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, तर सुट्टी १२ दिवसांची टाक. केंद्राच्या ऑफिसचा नंबर घरी लिहून ठेव, अर्जंट असेल तर तिथे निरोप देता येतो. मधून उठून यायचं नाही असं आधीच कबूल करून घेतात, म्हणून मन अर्धवट असेल तर आत्ताच विचार कर. नव्या साधकाला संध्याकाळी पाचला फळं आणि चहा मिळतो, तेवढ्यावर रात्र निघते, घाबरू नको.

राहिला नवरा. तो टोमणा मारण्याआधी तू त्याला मुलाकडून निरोप पाठवला होतास, हे तुझ्याच पत्रात आहे. त्या पोराला पोस्टमनच्या नोकरीतून काढ. तारखा नवऱ्याला स्वतः सांग, केंद्राचा नंबर त्याच्याच हातात दे, आणि त्याचं ते वाक्य तुला लागलं हेही सांग. मग त्याला विचार, मी गप्प असते तेव्हा तुला काय ऐकू येतं? त्याचं उत्तर मध्ये न तोडता ऐकायचं, हे अधिष्ठानापेक्षा अवघड आहे, गुडघा परवडला. आणि हे शिबिराला जायच्या आदल्या रात्री बॅग भरता भरता नको. या रविवारी, टीव्ही बंद करून.