वसंताचे कडे दारावर

प्रश्न : युरोपातील निसर्गपूजक पेगन परंपरेप्रमाणे वसंतात दारावर फुलापानांचे कडे लावायचे आहे. आमच्या गावात त्यासाठी कोणते साहित्य चालेल?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मार्चच्या २० तारखेच्या सुमारास, दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा, आधुनिक पेगन मंडळी ओस्टारा साजरा करतात; त्यात वर्तुळ हे ऋतुचक्राचे, तर अंडे नवजीवनाचे प्रतीक मानले जाते. बांबूच्या ओल्या कामट्या वाकवून सुतळीने बांधाव्यात आणि त्यांत गव्हाच्या ओंब्या व कडुनिंबाची कोवळी पालवी गुंफावी. पळस तेव्हा बहरात असला, तरी त्याची तोडलेली फुले आपल्याकडच्या उन्हात लवकर मलूल होतात, म्हणून ती सकाळीच खोचावीत. अंड्यांना वडीलधाऱ्यांची हरकत असल्यास (बहुधा असेलच) तुरीच्या वाळल्या शेंगा बांधाव्यात. बीजातही तोच अर्थ आहे.