ट्रंक उघडली, आता पुढे काय?

मागच्या अंकात घरातल्या जुन्या वह्या-पत्रांवर दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊसच पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात बहुतेकांचे प्रश्न येऊन जातात अशी पाच पत्रं घेतलीयेत.

माझे आजोबा संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे, स्वतः पदं लिहायचे, चालीही लावायचे. ते गेल्यावर माळ्यावर दोन ट्रंका सापडल्या. सुट्टी काढून मी पदं एका फाइलला, पत्रं दुसऱ्या, हिशोब तिसऱ्या असं लावायला घेतलंय, एक ट्रंक झालीसुद्धा. भाऊ म्हणतो तारखेप्रमाणे लाव. कोणाचं बरोबर? (वाचक, सांगली)

दोघांचंही नाही हो. रागावू नका, पण दुसऱ्या ट्रंकेला आत्ता हात लावू नका.

मी हस्तलिखितांच्या विभागात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका नाटककाराची वही आली होती, तारीख कुठेच नाही, तीन अंक, खाडाखोड भरपूर. सोबत वेगळ्या पाकिटात औषधाच्या दुकानाच्या सहा पावत्या, घरच्यांनी 'कचरा' म्हणून बाजूला काढलेल्या. त्या वहीत खुणेसाठी घातलेल्या होत्या म्हणे. पावत्यांवर तारखा अगदी ठळक. म्हणजे दुसऱ्या अंकातल्या पानात अमुक महिन्याची पावती असती तर तो अंक कधी चालू होता याचा निदान अंदाज तरी बांधता आला असता. आता पावत्या आहेत, तारखा आहेत, वहीपण आहे, पण कुठली पावती कुठल्या पानात होती हे सांगणारं कोणी नाही. गेलं ते.

कागद ज्या क्रमाने सापडतात तो क्रम ही पण माहिती असते. जर्मन संगीतकार बीथोवेनच्या टिपणवह्यांचं हेच झालं, 1827 साली तो गेला, सामानाचा लिलाव झाला, वह्या पांगल्या आणि पुढे कोणी पानं काढून विकली, कोणी आठवण म्हणून वाटली. मग संशोधकांनी कित्येक वर्षं घालवून कागदातला पाणचिन्हाचा छाप (कागद उजेडात धरला की दिसतो तो), शिवणीची भोकं, एका पानावरून समोरच्या पानावर उमटलेले शाईचे डाग जुळवून ती पानं पुन्हा वहीत कुठे होती ते शोधलं. डाग जुळवून! तुमच्या ट्रंकेसाठी एवढं कोणी करणार नाहीये.

तर करायचं काय. ट्रंक उघडून वरचा थर दिसतो तसा मोबाइलवर फोटो, मग एक गठ्ठा उचलायचा, त्याला नंबर, पुन्हा फोटो, मग खालचा थर. वाचत बसायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, आजोबांचं पत्र हातात आलं की दुपार गेलीच म्हणून समजा. नोंद गठ्ठ्याची करायची, एकेका कागदाची नाही. जगभर अभिलेखागारांत (जुने कागदपत्र जपणाऱ्या संस्थांत) हीच रीत आहे, आधी अख्खा संग्रह, मग त्यातल्या मालिका, म्हणजे एका प्रकारच्या कागदांचे गट, मग फाइल, आणि एकेक कागद सगळ्यात शेवटी, तोही जमलं तर. साधारण अशी नोंद लिहा:

"ट्रंक 2, गठ्ठा 5. सुतळीने बांधलेला. निळी वही 1, 143 पानांवर मजकूर, पदं आणि स्वरलेखन, पेन्सिल व जांभळी शाई. पान 60-61 मध्ये लग्नपत्रिका 1, पत्रिकेच्या पाठीवर 8 ओळी."

बास. त्या लग्नपत्रिकेवरूनच त्या आठ ओळी कधीच्या ते कळेल, निदान त्याच्या आधीच्या नाहीत एवढं तरी कळेल. कागद लावायचेत ते यादीत लावा, एक्सेलमध्ये पदं एकत्र करा, तारखेने करा, भावाला हवं तसं करा, खरे कागद जागचे हलवायचे नाहीत. आणि पहिल्या ट्रंकेचं जे काही आठवतंय ते आजच वहीत उतरवून काढा, पुढच्या आठवड्यात आठवणार नाही.

स्वरलेखनाच्या वह्या स्कॅन करून टाइप करतोय. यादीत प्रत्येक चीज कशी नोंदवायची? बऱ्याचशांना नावच नाहीये. (वाचक, पुणे)

चिजेला, म्हणजे बंदिशीला, नाव नसतंच, मुखडा (तिची सुरुवात) हेच नाव. मुखड्याची पहिली ओळ जशी लिहिलीये तशीच (शुद्धलेखन सुधारायचं नाही), मग राग, ताल, लय, आणि असेल तर मुद्रा, म्हणजे रचनाकाराने बंदिशीत गुंफलेलं टोपणनाव. मुद्रा सोडू नका, 'सुजान' दिसलं की रातंजनकर, 'गुणीदास' दिसलं की जगन्नाथबुवा पुरोहित, ज्यांच्या वहीत आहे त्यांची ती बंदिश असेलच असं नाही. शिष्य उतरवून घ्यायचे, त्यामुळे 'वही कोणाची' आणि 'रचना कोणाची' हे दोन वेगळे रकाने ठेवा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

आता स्कॅनचं. भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. टाइप करताना रेघ गळाली की भीमपलासचा गंधार शुद्ध होऊन बसतो, आणि स्कॅन हलक्या दर्जाचा असला की टिंबं उडतात. उलटही होतं, मी एकदा पाऊण तास एका षड्जावरच्या टिंबावर घालवला, शेवटी भिंगातून पाहिलं तर मेलेलं चिलट. म्हणून रंगीतच स्कॅन करा, काळा-पांढरा नको, शाई आणि डाग रंगाने वेगळे ओळखता येतात. वहीच्या पहिल्या पानांत स्वतःची चिन्हं समजावलेली असतील तर ते पान आधी शोधा. पलुस्करांच्या पद्धतीची चिन्हं वेगळी आहेत आणि काही मंडळी दोन्हींची खिचडी करून लिहायची.

आमच्याकडच्या पत्रांवर 'माघ वद्य 3, शके 1870' असं आहे, काही मोडीत. इसवी सन कसा काढायचा? (वाचक, इंदूर)

शकात 78 मिळवायचे, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना 79. तुमचा माघ म्हणजे 1949, 1948 नाही. यादीत मूळ मिती जशीच्या तशी लिहा आणि शेजारी सन चौकटी कंसात, म्हणजे तो तुम्ही काढलाय हे कळेल. मोडी वाचता येत नसेल तर 'मोडी, 4 पाने' एवढंच लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव यादीत एकदा शिरलं की पुढचे सगळे तेच धरून चालतात.

काकांना एका मोठ्या कवींची पत्रं आलेली आहेत. पत्रं आमची, मग पुस्तक काढायला हरकत काय? शिवाय सगळं एखाद्या संस्थेला द्यावं का? (वाचक, नाशिक)

कागद तुमचा, मजकूर तुमचा नाही. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा तो कागद असतो, छापायचा हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखक गेल्यानंतर 60 वर्षं अशी मुदत आहे, आणि हयातीत न छापलेलं असेल तर 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे कवी जाऊन कितीही वर्षं होवोत, वारसांना विचारल्याशिवाय छापू नका. यादी करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, 'अमुक यांची तमुक यांना पत्रे 31, 1962 ते 1970' यात कोणाचा मजकूर उतरवलेला नाही. पत्रांत कोणाचं आजारपण, घरची भांडणं असतील तर यादीत 'खाजगी, काही वर्षं बंद' अशी खूण करा, जाळू मात्र नका.

संस्थेला द्या, जरूर द्या, पण आधी यादी. माझ्या एका नातेवाइकांनी वडिलांचे सगळे कागद एका संस्थेला रिक्षात घालून नेऊन दिले, पावतीवर लिहून मिळालं 'जुने कागद, 3 गोण्या'. दहा वर्षांनी बघायला गेले तर दोन गोण्या. आता भांडायचं कशाच्या जोरावर, कुठली गोणी गेली तेच माहीत नाही. तुमच्या यादीवर सही-शिक्का घ्या, प्रत घरी ठेवा, आणि कोणाला बघायला द्यायचं, घरच्यांना कधीही बघता येईल का, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावली तर चालेल? लॅमिनेशन? (वाचक, पणजी)

नाही आणि अजिबात नाही. टेप पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि मग ती काढताना अक्षरं घेऊनच निघते, लॅमिनेशन तर निघतच नाही. टाचण्या-स्टेपल मात्र हळूच काढा, गंजतात, तुमच्याकडच्या हवेत तर फारच लवकर. फाटलेलं पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून द्या. नंबर टाकायचा तर मऊ पेन्सिलने, मागच्या कोपऱ्यात, बॉलपेनने कधीच नाही. आणि ट्रंकेत कॅसेट असतील तर लावून बघण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडून टाका, नाहीतर एखादं पोर रेकॉर्डचं बटण दाबेल आणि आजोबांच्या आवाजावर टीव्हीचा आवाज चढेल.