ताई-ची नव्याने शिकणाऱ्या ज्येष्ठांसाठी

आपण सत्तरीत ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, शिकायला निघाला आहात, तर सुरुवातीचे काही आठवडे फक्त पावलांना द्यावेत, असे मी सुचवेन. १९५६ साली चीनमध्ये ताई-चीच्या यांग या शैलीतून तयार झालेला २४ हालचालींचा क्रम नवशिक्यांना सोयीचा आहे. मात्र तो पाठ करण्याची घाई नको. त्यातली ‘रानघोड्याची आयाळ विलगणे’ या नावाची हालचाल घ्या: आधी टाच अलगद टेकवायची, मग तळवा, आणि त्यानंतरच शरीराचा भार हळूहळू पुढच्या पायावर न्यायचा, तोही गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ न देता, त्याच वेळी कंबर वळते, एक हात वर जातो, दुसरा खाली येतो आणि पुढची हालचाल मनात तयार ठेवावी लागते. बुद्धीला खरे काम मिळते ते इथे. व्हिडिओ पाहून नुसते हात हलवण्याला मी फारशी किंमत देत नाही.

चालणेही सोडू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचवते. यामुळे स्मृतिभ्रंश टळेलच, अशी हमी कुणी दिली तर मात्र विश्वास ठेवू नका. चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे, भक्कम खुर्चीची पाठ हाताशी ठेवावी आणि गुळगुळीत फरशीवर मोजे घालून सराव करू नये.